दोन लोणाळ्या आणि चार रोडगे

पत्रकारितेच्या वर्गात आम्हाला एक काम मिळालं होतं. दुष्काळ आणि भांडण या दोन्हींनी होरपळलेल्या एखाद्या भागात बातमीसाठी जायचं आहे असं समजून प्रवासाचा आराखडा करायचा. जायचं नव्हतं, नुसता आराखडा करायचा होता. त्यामुळे सगळे लांब लांब गेले. कुणी सुदानला गेलं, कुणी सोमालियाला. एकाने तर गोळी न लागणाऱ्या जाकिटाचा रंगसुद्धा ठरवून टाकला. माझी पाळी आली तेव्हा मी उभी राहिले आणि विचारलं, "मॅडम, अकोल्याकडे चालेल का?"

वर्ग हसला. हसण्यासारखंच होतं. अमरावतीहून अकोल्याला लोक बहिणीच्या घरी बारशाला जातात, तिथे कोण आराखडा करून जातं? पण मला खरोखर दुसरं काही सुचलं नव्हतं. आमच्या घरात कॉलेजात आलेली मी पहिली. बाबा नांदगाव पेठच्या एका कापड कारखान्यात आहेत. सोमालियाला कसं जातात हे मी त्यांना विचारू शकत नव्हते. अकोल्याला कसं जातात हे विचारू शकत होते.

शिवाय लोणाळीची गोष्ट मला बाबांकडूनच कळली होती. त्यांच्याच पाळीत खंडारेभाऊ म्हणून एक जण आहेत, ते लोणाळी खुर्दचे. लोणाळी खुर्द आणि लोणाळी बुद्रुक ही बाळापूरच्या अलीकडची दोन गावं, मध्ये एक नाला. जमिनीखालचं पाणी खारं, म्हणून लांबच्या धरणावरून एक पाइपलाइन येते. तिचा व्हॉल्व्ह नाल्याच्या काठी आहे. तो उघडला की दोन्ही गावांना पाणी, नाही तर कुणालाच नाही. गेल्या दुष्काळात कुणीतरी तो रात्री गुपचूप उघडून फक्त आपल्या गावाचं पाणी भरून घेतलं आणि लाठ्याकाठ्या निघाल्या. दोघांची डोकी फुटली, पोलीस आले. तेव्हापासून त्या व्हॉल्व्हच्या लोखंडी झाकणाला दोन कुलपं आहेत. एकाची किल्ली खुर्दकडे, दुसऱ्याची बुद्रुककडे. पाळीच्या दिवशी दोघांनी यायचं, न बोलता आपापलं कुलूप काढायचं आणि न बोलता घरी जायचं. दोन्ही गावं एकमेकांशी बोलत नाहीत.

मी हे सगळं वर्गात सांगितलं तेव्हा हसणं थांबलं. मॅडम म्हणाल्या, "तुझा भाग एसटीच्या अंतरावर आहे. तू खरंच जाऊन ये."

नियम

आता आराखडा खरा करायचा होता. मॅडमनी धोके, संपर्क, बाहेर पडण्याचा मार्ग असे मथळे दिले होते आणि दोन गोष्टी पुन्हा पुन्हा सांगितल्या होत्या. पहिली, आपलं पाणी आणि आपलं जेवण आपण न्यायचं. ज्यांच्याकडे मुळातच कमी आहे त्यांचं संपवून यायचं नाही. दुसरी, कुणाची बाजू घ्यायची नाही, दोन्हीकडे सारखा वेळ द्यायचा. या दोन गोष्टी मी लाल शाईने लिहिल्या. मला त्या फार पटल्या होत्या.

घरी मात्र आराखड्याचं गांभीर्य कुणाला कळेना. "बाहेर पडण्याचा मार्ग" या मथळ्याखाली काय लिहू असं विचारलं तर बाबा म्हणाले, "पाच वाजताची यष्टी." रक्तगट लिहिताना आई घाबरली. तिला समजावेपर्यंत तिने दशम्यांसाठी पीठ भिजवून ठेवलं होतं. निघण्याच्या दिवशी मी दोन मोठ्या बाटल्या आणि एक पाच लिटरचा कॅन भरला, तेव्हा बाबांनी कॅन उचलून पाहिला.

"तू पाण्याची बातमी आणाले चाल्ली, का पाणी पोचवाले?"

मी नियम सांगितला. बाबा म्हणाले, "शिकलेल्या लोकायचं असंन काही." ते कौतुक होतं की शंका, हे मला तेव्हा कळलं नाही.

बरोबर सना होती. सना माझी वर्गमैत्रीण, अमरावतीची, आणि वर्गात चांगला कॅमेरा फक्त तिच्याकडे. मी दोन्ही गावांत आधी फोन करून वेळ ठरवली होती. बुद्रुकच्या किल्लीवाल्या पंचफुलाबाई इंगळे यांना एक तास आणि खुर्दचे किल्लीवाले गजाननभाऊ खंडारे यांना एक तास. गजाननभाऊ हे बाबांच्या खंडारेभाऊंचे मोठे भाऊ.

मूर्तिजापूरला गाडी थांबली तेव्हा सनाने आलूबोंडे घेतले. माझ्या आईच्या दशम्या उघडायच्या आधीच तिने नियम मोडला होता, पण मूर्तिजापूर हे संघर्षक्षेत्र नाही असं तिचं म्हणणं पडलं.

बुद्रुक

अकोला सोडल्यावर जमीन बदलते. काळी, सपाट, आणि उन्हाळ्यात अशी तडकलेली की फाट्यावर उतरून सनाने पहिला फोटो काढला तेवढ्यात तिच्या कॅमेऱ्याच्या भिंगाचं झाकण एका भेगेत पडलं. आम्ही वाकून पाहिलं. दिसलं नाही. काडी घालून पाहिली, काडीही गेली. एक म्हातारे गृहस्थ बैलगाडी थांबवून बघत होते. ते म्हणाले, "जाऊ द्या बाई. मागच्या साली माहा चष्मा गेला त्यात. पाऊस आला का जमीन मिटते, मंग इसरून जाते मानूस."

आमच्याकडे विहिरीला पाणी लागलं की लोक नारळ फोडतात. इथे पाणी लागलं की आधी चाखून बघतात. त्या खाऱ्या पाण्यात साबणाला फेस येत नाही, डाळ शिजत नाही आणि चहा करायला जावं तर दूध फाटतं. प्यायला आणि शिजवायला पाळीचं गोड पाणी, ते माठात, टाकीत, मिळेल त्यात जपून ठेवायचं. हे मी घरून वाचून गेले होते. वाचून गेले होते, एवढंच.

पंचफुलाबाईंचं घर गावाच्या तोंडाशीच होतं. भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब, आमच्या घरी आहेत तसेच शेजारी शेजारी. बाई साठीच्या, उंच, अंगणवाडीत मदतनीस होत्या. किल्ली त्यांच्या कमरेच्या चंचीत, पानसुपारीबरोबर. गावाने किल्ली त्यांच्याकडे का दिली असं मी विचारलं.

"गड्यायच्या हाती देली असती तं अजून डोकी फुटली असती," त्या म्हणाल्या. "मी फुटू देत नाई, आन् फोडाचं असंन तं मीच फोडतो."

मी हे लिहून घेत होते तेवढ्यात त्यांनी स्टीलचे दोन पेले आणले, पाण्याने काठोकाठ भरलेले. आत चुलीवर काहीतरी शिजत होतं, वरणाचा वास येत होता. मी हात जोडले.

"नको मावशी, आमच्याजवळ आहे." आणि मी बाटली काढून दाखवली. अभिमानानेच दाखवली असणार.

पंचफुलाबाई पेला हातात धरून तशाच उभ्या राहिल्या. "आडनाव काय तुहं?"

"तायडे."

"मंग?"

एवढंच म्हणाल्या. मी सांगितलं की नियम आहे. त्यांनी विचारलं, कोणाचा. मी म्हटलं, कॉलेजचा. त्या "बरं" म्हणाल्या, आत गेल्या, दोन्ही पेल्यांतलं पाणी परत माठात ओतलं आणि माठावर झाकण ठेवलं. थेंब सांडू दिला नाही. त्यानंतर त्यांनी माझ्या प्रश्नांची एकेका शब्दात उत्तरं दिली. तास व्हायच्या आतच बोलणं संपलं.

बाहेर आल्यावर सना म्हणाली, "काही तरी गडबड झाली यार."

मी म्हटलं, "इथली वीस मिनिटं उरली. तिकडेही चाळीसच घेऊ, म्हणजे सारखं होईल."

खुर्द

नाला ओलांडायला पूल लागत नव्हता, नाल्यात पाणीच नव्हतं. पलीकडे चढावर गजाननभाऊंचं घर. हे माळी कुटुंब, चांगल्या वर्षी यांची वांगी आणि झेंडू बाळापूरच्या बाजारात जातात. यंदा मळा बसला होता आणि वांगी त्याच बाजारातून विकत आणली होती. हे मला शोभाकाकूंनी, म्हणजे गजाननभाऊंच्या पत्नीने, दारातच सांगितलं. कारण सकाळपासून रोडग्यांची तयारी चालली होती.

ज्यांनी रोडगा पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते. कणकेच्या तीन-चार पाऱ्या एकावर एक घालून वळलेला गोळा, गोवऱ्यांच्या विस्तवात भाजलेला. राख झटकून तो फोडायचा, त्यावर तूप, त्यावर वरण, बाजूला वांग्याची भाजी. एक खाल्ला की माणूस भिंतीला टेकतो. दोन खाल्ले की भिंतीलाच काळजी वाटते.

"काकू, आमचा नियम आहे," मी सुरुवात केली.

"नियम तिथं चपलीपाशी ठेव आन् हात धुऊन ये," शोभाकाकू म्हणाल्या. "तुह्या बाबाले मी काय सांगू, पोरगी आली आन् कोल्ड्या तोंडानं गेली?"

बाबांचं नाव आल्यावर मी बसले. वांग्याची भाजी इतकी झणझणीत होती की माझी बाटली पहिल्या रोडग्यावरच संपली. दुसऱ्या रोडग्यावर सनाची संपली. कॅन फाट्यावरच्या पानटपरीत ठेवला होता. मग शोभाकाकूंनी तांब्या पुढे केला आणि मी गटागटा प्याले. डोळ्यांतून पाणी येत असताना नियम आठवत नाही.

गजाननभाऊ म्हणाले, "उद्या पाळी हाय. कुलूप उघडतांना पाहाचं असंन तं मुक्काम करा." बाबांचा फोन दर तासाला येतच होता. खंडारेभाऊंनी हमी घेतल्यावर त्यांनीही होकार दिला. बाहेर पडण्याचा मार्ग पाच वाजता आमच्याशिवाय निघून गेला.

व्हॉल्व्हजवळ

सकाळी नाल्याच्या दोन्ही काठांवर पाण्याचे गुंड, म्हणजे मोठ्या घागरी, ड्रम, कॅन यांच्या रांगा लागल्या होत्या. मधोमध ते लोखंडी झाकण. अलीकडे खुर्द, पलीकडे बुद्रुक, आणि झाकणावर पाणी सोडणारे व्हॉलमन सुधाकरभाऊ बसलेले, कारण त्यांना कुठल्याच बाजूला बसता येत नव्हतं. गजाननभाऊंनी आपलं कुलूप काढलं. दुसरं तसंच होतं. पंचफुलाबाई आल्या नव्हत्या.

"बारापर्यंत लाइन आपली," सुधाकरभाऊ घड्याळ बघत म्हणाले. "मंग पुढच्या गावाले जाते. आज हुकलं का पुढच्या पाळीलेच."

पुढची पाळी पंधरवड्याने. 

मग बुद्रुकच्या बाजूने दादाराव नावाचे एक मिशीवाले गृहस्थ खाली उतरले. त्यांनी खुर्दकडे न बघता, सुधाकरभाऊंना सांगितलं, "पंचफुलाबाई म्हणते, अमरावतीच्या पोट्टीले आमचं पाणी चाल्लं नाई, त्यायचं वांगं चाल्लं. आता त्यायनंच उघडा म्हणा कुलूप."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. दोन्ही काठांवरून.

खुर्दच्या रांगेतून एक जण म्हणाला, "पाना आणा, फोडून टाका कुलूप." पलीकडून लगेच दुसरा म्हणाला, "फोडून तं दाखव." गजाननभाऊंनी हात वर केला. "कुलूप फुटलं का डोकी फुटतीन. मागं पायलं ना?"

आपलं नाक कापून दुसऱ्याला अपशकुन करण्याचाच हा प्रकार होता. बुद्रुकचे ड्रमही रिकामेच होते. पण पंचफुलाबाईंना तसं जाऊन सांगायची कुणाची हिंमत नव्हती. दादाराव माझ्याजवळ आले आणि हळू आवाजात म्हणाले, "बाई, तुमीच चाला आता. आमचं कोनाचं आयकत नाई थे."

नाला चढताना मला माझा आराखडा आठवला. धोक्यांच्या मथळ्याखाली मी ऊन लिहिलं होतं, साप लिहिला होता, जमाव लिहिला होता. मी स्वतःला लिहिलं नव्हतं. आजोबा सांगायचे, त्यांच्या लहानपणी पाणी वरून ओतायचे, ओंजळीत. पाणी न मिळणं काय असतं हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे. समोर केलेलं पाणी न घेणं काय असतं, हे मला कुणी शिकवायची वेळच आली नव्हती.

पंचफुलाबाई दारात बसून मुगातले खडे निवडत होत्या. मान वर केली नाही.

"कावून आली?"

"मावशी, पाणी प्यायला."

"तुह्याजवळ होतं ना."

"संपलं."

"वांग्यावर?"

"हो."

त्यांनी सूप बाजूला ठेवलं. "लय तिखट करते थे शोभी. बचत गटात होतो आमी संगं, तवापासून सांगून राहिली मी तिले." मग म्हणाल्या, "मले वाटलं, तुले आमचं घर चाल्लं नाई. म्हनून आडनाव इचारलं. आपलंच निघालं. मंग तं मले काहीच समजलं नाई. रातभर इचार करून राहिली."

 मी नियम समजावायला लागले, की तुमचं पाणी संपू नये म्हणून. त्यांनी ऐकून घेतलं.

"पाहुन्याच्या पेल्यानं माठ आटत नसते, बाई," त्या म्हणाल्या आणि पाणी घेऊन आल्या. मी उभ्यानेच प्यायला लागले तर "बसून पे" म्हणाल्या. पाणी गार होतं आणि गोड होतं. सनानेही न सांगता पेला रिकामा केला.

"किल्ली, मावशी?"

"पयले ताट. कालचे रोडगे हायेत. तुमच्यासाठीच केल्ते. वरन शिजवलं होतं, थे का खाऱ्या पाण्यात शिजते?"

काल आलेला वास मला तेव्हा समजला.

रोडगा शिळा चांगला लागतो हे खरं आहे, पण आदल्या दिवशीचे दोन पोटात असताना नाही. दादाराव दारात उभे राहिले. त्यांच्या मागे बुद्रुकची अर्धी रांग. ताटात पंचफुलाबाईंनी दोन रोडगे फोडले, तूप सोडलं, वरण ओतलं, आणि वांगं वाढलं. इथेही वांगंच होतं.

"ताटात काई टाकाचं नाई," त्यांनी बजावलं. "काल तिकडं खाल्लं तसंच."

मी खायला लागले. पहिला संपला तेव्हा दादारावांनी बाहेर तोंड करून आवाज दिला, "पयला झाला." नाल्यावर उभ्या असलेल्याने तो पुढे दिला, "पयला झाला होऽ." तो व्हॉल्व्हपर्यंत गेला असणार, कारण थोड्या वेळाने तिकडून, खुर्दच्या बाजूने, प्रश्न आला. तो हातोहात दारापर्यंत पोचला.

"वांगं खाल्लं का, इचारून राहिले."

"खाऊन राहिली म्हना."

पुन्हा प्रश्न आला. "कसं हाय म्हनते?"

दादारावांनी माझ्याकडे पाहिलं. पंचफुलाबाईंनीही पाहिलं. माझ्या तोंडात घास होता. मी मान हलवली, म्हणजे हो किंवा नाही असं काहीच न कळेल अशी. दादाराव अनुभवी माणूस. त्यांनी ओरडून सांगितलं, "जेवतांनी बोलत नाई थे."

मागून कुणीतरी म्हणालं की दोन्ही गावांनी एकमेकांना काही विचारल्याला लय दिवस झाले. सनाचा कॅमेरा बंद होता, कारण तिच्यापुढेही ताट होतं. म्हणून या सगळ्याचा एकही फोटो आमच्याकडे नाही. अर्धा रोडगा उरला तेव्हा बाहेरून कळलं की साडेअकरा झाले. तो अर्धा मी कसा संपवला ते सांगत नाही. वाचणारे जेवून बसले असतील.

पंचफुलाबाईंनी ताट पाहिलं, बोट फिरवून पाहिलं, आणि मग चंचीतून किल्ली काढली.

त्या पुढे, आम्ही मागे, त्यामागे रांग. मला भरभर चालता येत नव्हतं. सुधाकरभाऊ झाकणावरून उठून उभे राहिले होते. दुसरं कुलूप निघालं, झाकण उचललं, चक्री फिरली. आधी नुसती हवा आली, शिट्टी वाजावी तशी. मग गढूळ चूळ. मग पाणी.

रांगा दोन्हीकडे पळाल्या. दोन्ही किल्लीवाले नेहमीप्रमाणे न बोलता निघणार होते. तेवढ्यात शोभाकाकू गुंड कमरेवर घेऊन आल्या आणि झाकणाच्या अलीकडून म्हणाल्या, "वरनात काय टाकलं होतं वं, पंचफुलाबाई? वास थेट आमच्यापर्यंत आल्ता काल."

पंचफुलाबाईंनी किल्ली परत चंचीत ठेवली. "काई नाई. मिरे," त्या म्हणाल्या. "तू तिखट कमी कर जराशीक. पोट्टीच्या बाटल्या संपल्या."

मग दोघी एकदम माझ्याकडे वळल्या.

"आता खरं सांग," शोभाकाकू म्हणाल्या. "वांगं कोनाचं चांगलं होतं?"

मी म्हटलं, "काकू, मी तटस्थ आहे."

"थे काय असते?"

"दोन्हीकडे जेवणं," सना म्हणाली.

परत

पाच वाजताची एसटी दुसऱ्या दिवशी मात्र मिळाली. फाट्यावरच्या टपरीतला कॅन भरलेला तसाच होता. तो टपरीवाल्याला दिला, त्याने त्याच पाण्याचा चहा करून आम्हाला पाजला. दूध फाटलं नाही.

घरी पोचले तर आईने दारातच पाण्याचा तांब्या पुढे केला. रोजच करते. त्या दिवशी मी उंबऱ्यातच बसले, आणि बसून प्याले. बाबा म्हणाले, "दशम्या तशाच आल्या की."

मॅडमनी बातमी वाचली आणि आराखडा दुरुस्त करून आणायला सांगितला. "बाहेर पडण्याचा मार्ग" मी तसाच ठेवला. पाण्याच्या मथळ्याखाली आता असं लिहिलं आहे: जे घर आधी लागेल तिथे आधी प्यावं. मॅडमनी त्यापुढे प्रश्नचिन्ह काढलं, मग ते खोडलं.

तेव्हापासून दोन्हीकडून फोन येतात. शोभाकाकू आधी माझ्या अभ्यासाची चौकशी करतात, पंचफुलामावशी आधी आईची. नंतर दोघी तेच विचारतात. आता हे ज्यात येणार आहे तो आमच्या विभागाचा अंक छापला की दोन्ही गावांना पाठवायचा आहे, आणि दादाराव तो व्हॉल्व्हजवळ मोठ्याने वाचणार आहेत असं कळलं. तर एवढंच लिहिते की दोन भाज्यांमधली एक खरंच जास्त चांगली होती. कोणती, ते मला त्याच दिवशी, साडेअकरा वाजता, पोट इतकं भरलेलं असूनही कळलं होतं. सनालाही माहीत आहे.

पण पुढची पाळी गुरुवारी आहे.